अल्गोरिदम नावाचा माणूस

"अल्गोरिदमने लोन रिजेक्ट केलं." "अल्गोरिदम मला सारखं तेच दाखवतो." "आमच्या हातात काही नाही सर, अल्गोरिदमच तसा आहे."

हल्ली बँकेपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हीच वाक्यं. पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, मला या वाक्यांचा भयंकर राग येतो. का, ते समजायला तब्बल बाराशे वर्षं मागे जावं लागेल.

नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा अल-मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचा एक गणिती होऊन गेला. 'अल-ख्वारिज्मी' म्हणजे ख्वारिज्मचा. अरल समुद्राच्या दक्षिणेला, अमू दर्या नदीच्या काठचा हा प्रदेश. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात विभागला गेलाय. आपल्याकडे सातारकर, नगरकर तसे हे 'ख्वारिज्मकर'. इतकं साधं आडनाव!

या ख्वारिज्मकरांनी भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर एक पुस्तक लिहिलं. मूळ अरबी प्रत हरवली, पण बाराव्या शतकात त्याची लॅटिन रूपं झाली. त्यात लेखकाच्या नावाचं 'अल्गोरिझ्मी' झालं, आणि नंतर लोकांना वाटलं की हे त्या हिशेबाच्या पद्धतीचंच नाव! इंग्रजीत 'अल्गोरिझम' म्हणजे दशमान अंकांनी करायची आकडेमोड. पुढे संख्येसाठी असलेल्या 'अरिथमॉस' या ग्रीक शब्दाच्या ओढीने त्यात 'थ' घुसला आणि झाला 'अल्गोरिदम'. मधल्या काळात माणूस इतका विसरला गेला की अल्गोर नावाच्या कुणा राजावरून हा शब्द आला, असंही छातीठोकपणे सांगितलं जायचं. शेवटी १८४९ मध्ये रेनो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने खरा माणूस शोधून काढला.

म्हणजे बघा, शब्दातून माणूस एकदा गायब झालाच होता. आपण आता त्याला दुसऱ्यांदा गायब करतोय, आणि या वेळी ते मुद्दाम चाललंय.

उदाहरण घ्या. २०२० मध्ये कोविडमुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या परीक्षा झाल्या नाहीत. शाळेचे मागचे निकाल आणि शिक्षकांनी लावलेला मुलांचा क्रम यावरून ऑफक्वाल या सरकारी संस्थेने ग्रेड ठरवल्या. सुमारे ३९ टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. अगदी लहान वर्गांना मात्र शिक्षकांचाच अंदाज लागू, आणि असे वर्ग जास्त करून खाजगी शाळांत. हुशार मुलगा, पण शाळेचा निकाल आजवर यथातथाच? मग भोगा! मुलं रस्त्यावर उतरली, चार दिवसांत निर्णय फिरवावा लागला. आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी खापर कुणावर फोडलं? एका 'म्युटंट' अल्गोरिदमवर. जणू तो रात्री प्रयोगशाळेतून पळून आला होता!

अहो, शाळेचा इतिहास मुलाच्या माथी मारायचा हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं होतं. लहान वर्गांना सूट द्यायची हेही. कोडने फक्त सांगितलं तेवढं केलं.

आता कुणी म्हणेल, ते जुन्या पद्धतीचं झालं. मशीन लर्निंगमध्ये नियम कुणी लिहीतच नाही. बरं. पण ट्रेनिंगला कुठला डेटा घ्यायचा, काय साधलं म्हणजे मॉडेल 'चांगलं', कटऑफ ०.६ ठेवायचा की ०.७, नाकारलेल्याला दाद मागायला जागा द्यायची की नाही, हे कोण ठरवतं? माणसंच. मी अशा मीटिंगांमध्ये बसलोय. तिथे चहा असतो, एक्सेल शीट असते आणि कुणाचा तरी "चला, हे फायनल करू" असतो. मॉडेल आतून नेमकं काय करतं हे आम्हालाही कधीकधी सांगता येत नाही, मान्य. पण ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही ते लोकांच्या कर्जावर आणि नोकरीवर लावायचं, हासुद्धा एक निर्णयच की!

माझ्याकडे एक सोपी टेस्ट आहे. शाळेत गणिताच्या वहीत आपण 'रीत' लिहायचो, आठवतं? अल्गोरिदमला याहून नेमका मराठी शब्द मला तरी माहीत नाही. आता वाक्यात तो घालून बघा: "तुमचं लोन रीतीने नाकारलं." हास्यास्पद वाटतं ना? लगेच तोंडात प्रश्न येतो, कुणाची रीत? कुणी ठरवली? दाखवा बघू! 'अल्गोरिदम' म्हटलं की मात्र आपण मान डोलावून गप्प बसतो. हीच तर त्या शब्दाची सध्याची कमाई आहे.

नुसतं उत्तर लिहिलं तर बाई मार्क कापायच्या. रीत दाखवायलाच लागायची. दहावीच्या पोराकडून जे मागतो ते बँकेकडून, ॲपकडून, सरकारकडून मागायला आपल्याला लाज का वाटावी?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "अल्गोरिदमने केलं" म्हणालं तर शांतपणे विचारा, त्याचं आडनाव काय? ख्वारिज्मकर तर नक्कीच नाही. ते बिचारे बाराशे वर्षांपूर्वी बेरीज-वजाबाकी शिकवून मोकळे झाले.