इंजिन थंड कसं ठेवलं?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण परवा रविवारी दादरला बहिणीकडे सगळे जमलो होतो आणि जेवणानंतर विमानावरून असा काही वाद झाला, की घरी आल्यावर लिहायला बसलोच. (ताई, हे वाचशील तेव्हा चिडू नकोस. तुझ्या घरातलं भांडण मी चव्हाट्यावर आणत नाहीये, फक्त त्याचा विषय आणतोय.)

वादाचं मूळ जुनंच. आमचे बाबा मूळचे लालबागचे गिरणी कामगार. रिंग खात्यात फिटर होते. आम्ही लहान असताना ते आम्हाला गिरगाव चौपाटीवर घेऊन जायचे, भेळ हातात द्यायचे आणि समुद्राकडे बोट दाखवून सांगायचे, "राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं, १८९५ साली, इथून एका मराठी माणसानं विमान उडवलं. शिवकर बापूजी तळपदे." आम्ही भेळ विसरून आकाशाकडे बघत बसायचो. पुढे मी थोडंफार वाचलं. त्या उड्डाणाचा भरवसा ठेवावा असा त्या काळातला पुरावा कुणाला दाखवता आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव या कथेच्या जोडीने घेतलं जातं, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासलं. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत. हे मी कॉलेजात असताना बाबांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तळपद्यांचं नाव काढलं नाही.

परवा भाच्याने तेच केलं. मी जे बोललो होतो तेच, जवळजवळ त्याच सुरात. आणि मला एकदम वाटलं, हा मुलगा बरोबर आहे, पण अर्धाच बरोबर आहे. उरलेलं अर्धं सांगायला मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक बाबांच्या प्रश्नाची आणि एक आमच्या स्कूटरची.

आधी प्रश्न. कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. व्यवसायाने वैमानिक. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं, तेव्हा साऱ्या मुंबईत त्याचीच चर्चा. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाण चाचणीचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते धुळ्याला हवेत गेलं. तेव्हा कोरोनाचे दिवस, सगळे घरात कोंडलेले. टीव्हीवर बातमी लागली. किती वर्षं लागली, किती पैसे लागले, घर गहाण पडलं का, सरकार काय देणार, सगळे प्रश्न विचारून झाले. बाबा खुर्चीत बसून बघत होते. बातमी संपल्यावर म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. पण इंजिन थंड कसं ठेवलं त्यानं?"

मी हसलो. आणि मग मला ती स्कूटर आठवली.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो बाबांसाठी कधी संपलाच नाही. पुढे ते परळच्या एका गल्लीत ओळखीच्या माणसाच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्तीला लागले. साच्यावर काम केलेले हात, स्कूटर म्हणजे खेळणंच. १९९१ साली त्यांनी एक जुनी बजाज चेतक स्वतः खोलून, जोडून मला दिली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आता खरं सांगतो, ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. स्कूटर सर्व्हिसिंगला द्यायची वेळ आली तेव्हा मी ती बाबांकडे नेली नाही. ऑफिसातले मित्र बरोबर असायचे, आणि ग्रीसमध्ये हात बरबटलेला तो माणूस माझा बाप आहे हे त्यांना कळू नये असं मला वाटत होतं. ऑफिसजवळच्या एका गॅरेजात दिली.

आठवडाभरात परळच्या पुलावर चढताना इंजिन जाम झालं. मे महिना, भर दुपार. ढकलत ढकलत शेवटी बाबांच्याच गॅरेजात नेली. त्यांनी बाजूचं पोट उघडलं, आत बघितलं आणि दोन मिनिटं गप्प बसले. मग विचारलं, "टोपण कुठाय?"

चेतकचं इंजिन मोटारसायकलसारखं उघड्यावर नसतं, पोटाच्या आत झाकलेलं असतं. समोरून वारा लागत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात आणि सिलेंडरवर एक पत्र्याचं टोपण असतं. पंख्याने फेकलेली हवा त्या टोपणामुळे सिलेंडरच्या पट्ट्यांमधून जबरदस्तीने जाते. टोपण नसेल तर पंखा फिरतो, हवा सुटते, आवाजही येतो, पण हवा सोपी वाट धरून बाहेर निघून जाते आणि सिलेंडर भाजत राहतं. त्या गॅरेजवाल्याने जोडताना टोपण परत बसवलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो एक फालतू पत्रा.

बाबांनी कुणाकडे दिली होतीस हे विचारलं नाही. फक्त म्हणाले, "वारा भरपूर आहे रे. पण तो कामाचा नाही."

एवढंच. विमानाच्या इंजिनाचं सगळं गुपित त्या एका वाक्यात आहे हे मला तीस वर्षांनी कळलं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून मी त्या लॉकडाऊनमध्ये वाचत सुटलो. घरी विमान बांधणारे लोक जगभर हजारोंनी आहेत, आणि पंख तयार झाले, इंजिन चालू झालं, तरी पुष्कळ जण अडकतात ते इथेच. इंजिनात जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच पंख्यापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता धुराड्यातून, तेलातून आणि सिलेंडरच्या पट्ट्यांतून बाहेर जायला हवी. सर्वांत वाईट वेळ उड्डाणानंतर चढताना येते. इंजिन पूर्ण ताकदीवर, विमानाचा वेग मात्र कमी, म्हणजे वाराही कमी. परळच्या पुलावरचीच परिस्थिती. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. धुळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि बाहेरची हवा जितकी तापलेली तितका सिलेंडरचा पाराही वर सरकतो. छोट्या विमानांत सर्रास दिसणारी जी लायकमिंग इंजिनं आहेत, त्यातल्या पुष्कळांना सिलेंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आहे. इंजिन दीर्घकाळ टिकायला हवं असेल तर सव्वादोनशेच्या आत ठेवलेलं बरं.

इंजिन तापलं की नवशिक्याला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे नाकाची भोकं मोठी करायची. जास्त हवा आत, जास्त थंडावा. साफ चूक! आमच्या चाळीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. समोरचा दरवाजा सताड उघडा ठेवला तरी मागची खिडकी बंद असेल तर पान हलत नाही. आई दुपारी आधी मागची खिडकी उघडायची. विमानातही तेच. हवा इंजिनाच्या वर दाबाने साठायला हवी आणि खाली बाहेर जायला मोकळी वाट हवी. मग मधल्या पट्ट्यांतून ती आपोआप ओढली जाते. बहुतेक वेळा खालची वाट वाढवावी लागते, किंवा तिच्या कडेला पत्र्याची खाली वळलेली ओठासारखी पट्टी लावावी लागते, म्हणजे बाहेरचा वारा आतली गरम हवा ओढून घेतो.

दुसरं काम म्हणजे गळती बुजवणं. इंजिनाभोवती पत्र्याच्या भिंती उभ्या करतात, त्यांच्या कडेला रबराच्या पट्ट्या लावतात. कुठे बोटभर फट राहिली तरी हवा तिथून पसार. फटी शोधायची एक युक्ती मला फार आवडली. आत एक दिवा लावायचा, झाकण बसवायचं आणि अंधारात बघायचं. जिथून उजेड दिसेल तिथे फट. मग ती उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकॉनने भरायची.

तिसरं, मोजायचं. प्रत्येक सिलेंडरला वेगळा तापमापक, कारण पुढचं गार आणि मागचं भाजलेलं असं हमखास होतं. आणि हवेचा दाब मोजायला काय वापरतात माहीत आहे? गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो ना, तीच! इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, एक टोक इंजिनाच्या वर, दुसरं खाली. दोन बाजूंच्या पाण्यात जितक्या इंचांचा फरक, तितका दाबाचा फरक. इंजिनाप्रमाणे बदलतं, पण चढताना पाच-सहा इंच मिळाले तर बहुतेक काम झालं. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी जेवणाच्या टेबलावर ग्लास मांडून मला पुन्हा समजावून सांगितलं, जणू त्यांनीच शोध लावलाय.

आणि हे काम फक्त हौशी माणसांचं नाही. १९२८च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड वीक आणि त्यांचे सहकारी पवनबोगद्यात हेच करत होते. अख्खं इंजिन झाकायचं आणि तरी ते थंड ठेवायचं. आधी थंड होईना. झाकण आणि आतले पत्रे पुनःपुन्हा बदलत गेले तेव्हा कुठे जमलं, आणि त्या झाकणाने विमानांचा वेग वाढला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान. त्याची चार सिलेंडरं एकामागे एक रांगेत. नुसता समोरचा वारा ठेवला असता तर पहिलं गार आणि चौथं तापलेलं. म्हणून एका बाजूने हवा घेऊन चारही सिलेंडरांमधून आडवी सोडलेली. ऑक्टोबरच्या उन्हात ते टपाल जुहूला पोचलं त्यात त्या पत्र्याचाही वाटा आहे, पण पत्र्याचा पुतळा कोण उभारणार?

तर माझं म्हणणं असं आहे. चौपाटीच्या कथेत काय खटकतं? तिच्यात काहीच तापत नाही. कुणाचं बोट भाजत नाही, कुणाला चौथ्यांदा पत्रा कापावा लागत नाही. यंत्र वर जातं आणि खाली येतं, बस्स. ज्याने आयुष्यात एकदा तरी इंजिन उघडलंय त्याला अशा कथेचा संशय यायला हवा. पण गंमत अशी, की ती कथा आम्हाला सांगणारा माणूस हाच प्रश्न आयुष्यभर विचारत होता. बाबांना तळपदे हवे होते ते थापेसाठी नाही. आपल्या गल्लीतला, आपल्यासारख्या हातांचा माणूस हे करू शकतो, एवढंच त्यांना पोरांना सांगायचं होतं. संपानंतर ते सांगायला त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मी पुरावा मागितला, आणि त्या मागचं माणूसपण मला दिसलं नाही. पुरावा मागणं चूक नव्हतं. तेवढ्यावर थांबणं चूक होतं.

ताईच्या घरी एक जण म्हणाला की सामान्य माणसाला दाबाच्या नळ्या नि रबराच्या पट्ट्या सांगून काय उपयोग, त्याला प्रेरणा हवी. मला हे पटत नाही. नुसत्या प्रेरणेवर वाढलेला मुलगा पहिल्यांदा इंजिन तापलं की सोडून देतो, कारण तापणार हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्या लालबाग-परळच्या मंडळांत दरवर्षी एकाहून एक देखावे होतात, रॉकेटं होतात, चांद्रयान होतं. एखाद्या वर्षी कुणीतरी आडवं कापलेलं चेतकचं इंजिन ठेवावं. एकदा टोपणासकट, एकदा टोपणाशिवाय, आणि शेजारी दोन तापमापक. रांगेतल्या पोरांना हात लावून बघू द्यावा (टोपणासकट असलेल्याला!). ज्या वस्तीत फिटरांच्या पिढ्या झाल्या तिथे याहून चांगला देखावा मला सुचत नाही. हवा तर पुढच्या गणपतीला वर्गणी माझ्याकडून.

परवाच्या वादाचा शेवट सांगायचा राहिला. भाचा बोलून झाल्यावर बाबा नेहमीसारखे गप्प झाले. ऐंशी ओलांडली आहे, ऐकूही कमी येतं. मी भाच्याला म्हटलं, "आजोबांना विचार, स्कूटरचं इंजिन थंड कसं राहतं." तो म्हणाला, "पंख्याने, मामा." बाबांना हे बरोबर ऐकू आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "नुसत्या पंख्यानं?"

मग पुढचा तासभर आम्हाला कुणालाच बोलायला मिळालं नाही.

असो. भाच्याच्या कॉलेजात या वर्षी काहीतरी इंजिनाचा प्रकल्प आहे म्हणे. तो येत्या शनिवारी आजोबांकडे येणार आहे, पारदर्शक नळी घेऊन.