विश्लेषण : मोठे नेत्रतज्ज्ञ निवृत्त झाले, आता मोतीबिंदू कोण काढणार?

खान्देशातल्या खेड्यात मोतीबिंदूचा रुग्ण दवाखान्याचे नाव सहसा सांगत नाही, डॉक्टरांचे सांगतो. ‘अमुक सरांच्याच हाताने करायचे’ म्हणून तो थंडीपर्यंत थांबतो, कापूस वेचून होण्याची वाट पाहतो, प्रसंगी जळगावहून मुंबईची गाडी धरतो. हा विश्वास त्या डॉक्टरांनी आयुष्यभर कष्ट करून मिळवलेला असतो. पण ते सर निवृत्त झाले की प्रश्न उरतो : विश्वास एका माणसावर होता की रुग्णालयावर? महाराष्ट्राने हा प्रश्न मुंबईच्या जेजे रुग्णालयात जवळून पाहिला आहे. जळगाव आणि धुळ्यानेही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

जेजेमध्ये काय घडले?

डॉ. तात्याराव लहाने हे मूळचे लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. आईने दिलेल्या मूत्रपिंडावर त्यांना दुसरे आयुष्य मिळाले. पुढे त्यांनी जेजेचा नेत्र विभाग राज्यभरातल्या गरीब रुग्णांचे हक्काचे ठिकाण बनवला. त्यांच्या नावावर मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया आहेत. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जेजेचे अधिष्ठाता आणि नंतर वैद्यकीय शिक्षण संचालक ही पदे सांभाळून २०२१ मध्ये ते शासकीय सेवेतून निवृत्त झाले. तरीही नेत्र विभागातले त्यांचे काम सुरूच राहिले.

मे २०२३ च्या अखेरीस निवासी डॉक्टरांनी संप पुकारला. शस्त्रक्रिया करायला पुरेशी संधी मिळत नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. डॉ. लहाने यांनी आरोप फेटाळले. ते, विभागप्रमुख डॉ. रागिणी पारेख आणि त्यांचे सहकारी अशा नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. अनेक वर्षे एका चमूच्या नावाने ओळखला जाणारा विभाग काही दिवसांत त्या चमूशिवाय उभा राहिला.

चूक कोणाची, हा खरा प्रश्न आहे का?

बातम्यांत तोच रंगला. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. अनुभवी हाताने केलेली शस्त्रक्रिया त्याला आज हवी असते. पण दहा वर्षांनी त्याच्या मुलावर शस्त्रक्रिया करणारा हात आज शिकत असतो. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाला ही दोन्ही कर्जे एकाच वेळी फेडावी लागतात. सगळ्या शस्त्रक्रिया ज्येष्ठांनीच केल्या तर आजचा आकडा मोठा दिसतो आणि उद्याची फळी कच्ची राहते. सगळे शिकाऊंवर सोपवले तर रुग्णाच्या डोळ्याशी खेळ होतो.

हा हात तयार कसा होतो?

नेत्रशल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी तीन वर्षांची असते. आधी शेळीच्या डोळ्यावर सराव होतो. मग ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेतला एकेक टप्पा शिकाऊच्या हाती येतो : छेद घेणे, भिंगाचे आवरण उघडणे, मोतीबिंदू बाहेर काढणे, कृत्रिम भिंग बसवणे. पूर्ण शस्त्रक्रिया शेवटी.

आदिवासी पट्ट्यात हे आणखी महत्त्वाचे ठरते. धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या पाड्यांवरून येणारा रुग्ण बहुधा उशिरा येतो. मोतीबिंदू पूर्ण पिकलेला आणि कडक झालेला असतो. अशा डोळ्याला लहान छेदाची, हाताने करायची बिनटाक्याची पद्धत उपयोगी पडते. तिला महागडे यंत्र लागत नाही, तयार हात लागतो.

निवृत्तीनंतरही काम वाढले, असे कुठे झाले आहे?

मदुराईत. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाले तेव्हा ५८ वर्षांचे होते. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. १९७६ मध्ये त्यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. स्वतः एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, पण मोठे काम वेगळे होते. ज्याला-त्याला आपला टप्पा ठरवून दिला. खेड्यांतल्या मुलींना दोन वर्षे शिकवून नेत्र सहायक केले. त्यामुळे सर्जनचा वेळ फक्त शस्त्रक्रियेत जाऊ लागला. १९९२ मध्ये भिंगे स्वस्तात बनवण्यासाठी ऑरोलॅब उभी राहिली. २००६ मध्ये ते गेले. त्यानंतरही रुग्णालय वाढत राहिले, कारण पद्धत त्यांच्या हातात नव्हे, सगळ्यांच्या हातात होती.

अरविंद ही कुटुंबाभोवती उभी राहिलेली खासगी संस्था आहे. तिथे बदल्या नाहीत, रिक्त पदांची फाइल मंत्रालयात अडकत नाही. सरकारी महाविद्यालयाला तिची नक्कल करता येणार नाही. पण कामाची वाटणी आणि शिकवण्याची शिस्त उचलता येते.

खान्देशाने काय मागावे?

राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार (२०१५-१९) पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आहे. म्हणजे बहुतेकांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. धर्मादाय आणि खासगी नेत्रालयेही आहेत. इमारती आहेत, आता फळी हवी.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा ठोस आहेत. पहिली : शिकाऊ डॉक्टरांची शस्त्रक्रियांची नोंदवही विभागाबाहेरच्या तज्ज्ञानेही तपासावी. कोणी किती केल्या, किती देखरेखीखाली, किती डोळ्यांत गुंतागुंत झाली, हे त्यात दिसावे. दुसरी : विभागप्रमुखाच्या निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते, तर उत्तराधिकारी किमान वर्षभर आधी सोबत नेमावा. तिसरी : ग्रामीण रुग्णालयांतली नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांची पदे रिकामी ठेवू नयेत. पाड्यावरच्या आजीचा मोतीबिंदू आधी त्यांनाच दिसतो.

आणि निवृत्त सरांचे काय?

त्यांना घरी बसवणे हा अपव्यय आहे. त्यांची खुर्ची शिकाऊच्या शेजारी असावी. अवघड डोळा आला की त्यांनी हातात घ्यावा, सोपा आला की हात मागे ठेवून पाहावे. चाळीस वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला हात मागे ठेवणे सर्वांत जड जाते. पण सत्कार, शाल-श्रीफळ आणि आकड्यांची भाषणे संपल्यावर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियांची यादी तितकीच लांब लागली आणि रुग्णांची पट्टी तितक्याच समाधानाने सुटली, तर त्या कारकिर्दीला याहून मोठा मान नाही.