दर्जाची ओरड आणि विद्यावृत्तीचा हिशेब

मराठीच्या कोणत्याही चर्चासत्राचा समारोप ऐकावा, सूर ठरलेला असतो. संशोधनाचा दर्जा घसरला आहे, विद्यार्थी मूळ साधनांपर्यंत जात नाहीत, ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’ या चालीवरचे प्रबंध पोत्याने पडत आहेत, पीएच.डी. ही केवळ पदोन्नतीची पायरी उरली आहे. बोलणारा सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीतला असतो, टाळ्या वाजवणारेही बहुधा त्याच श्रेणीतले. ज्यांच्याविषयी हे बोलले जाते ते मागच्या रांगेत बसलेले असतात, किंवा दाराशी सहभागाची प्रमाणपत्रे वाटत असतात.

या वर्णनाला माझा आक्षेप नाही. वर्णन बव्हंशी खरे आहे. आक्षेप आहे तो कारणमीमांसेला. निष्ठा संपली, व्यासंग लोपला, पूर्वीचे विद्यार्थी राहिले नाहीत, अशी कारणे आपण सांगतो. ही सर्व कारणे विद्यार्थ्याच्या शीलात शोधलेली आहेत. त्याच्या हिशेबाच्या वहीत डोकावण्याची गरज मात्र कोणाला वाटत नाही, कारण पैशाचा विषय वाङ्मयचर्चेत काढणे आपल्याकडे काहीसे ग्राम्य समजले जाते. माझे म्हणणे सरळ आहे : विद्यावृत्तीचा हप्ता वेळेवर न येणे ही कार्यालयीन बाब नसून वाङ्मयीन बाब आहे, कारण प्रबंधाचा विषय काय असेल हे तिथे ठरते.

मालाडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना हे रोज दिसते. मालवणी, कुरार, आप्पापाडा येथून आलेली मुले बी.ए. करतात, त्यांतली दोन-चार एम.ए.साठी कलिन्याला जातात आणि एखादा, बहुधा एखादी, संशोधनाकडे वळते. मालाडहून लोकलने सांताक्रूझ, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, विद्यानगरीत तास, संध्याकाळी परत येऊन शिकवण्या. काही जण माइंडस्पेसमधल्या कॉल सेंटरची रात्रपाळी करून सकाळच्या तासाला बसतात आणि आपण त्यांना पेंगण्याबद्दल बोलतो.

अशाच एका विद्यार्थिनीला ‘मनोरंजन’ मासिकातील स्त्रियांच्या लेखनावर काम करायचे होते. विषय उत्तम होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ मध्ये सुरू केलेले हे मासिक. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढल्याचे श्रेय आपण त्याला परीक्षेच्या टिपेपुरते देतो, पण त्यात स्त्रिया काय लिहीत होत्या हे अंकाअंकांतून पाहणारे थोडे. परंतु हे काम घरी होत नाही. त्यासाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक, पुण्यातली जुनी ग्रंथालये यांच्या फेऱ्या हव्यात. त्याही दिवसा, म्हणजे नोकरीच्या नेमक्या वेळेत. जीर्ण अंक घरी मिळत नाहीत, ग्रंथपाल झेरॉक्स काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. बसून हाताने टिपणे काढायची. एका वर्षाचे अंक नीट पाहायला किती दिवस लागतात हे ज्याने केले आहे त्याला माहीत आहे. (ज्यांनी केलेले नाही असे मार्गदर्शकही पुष्कळ आहेत. असो.)

तिला विद्यावृत्ती मंजूर झाली होती. पहिला हप्ता अकरा महिन्यांनी आला. मधल्या काळात सहामाही प्रगती अहवाल, उपस्थितीपत्रक, घरभाड्याचा दाखला, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, मग ‘त्रुटी’ म्हणून परत आलेला अर्ज आणि पुन्हा त्याच सह्या. मार्गदर्शक परीक्षेच्या कामाला बाहेरगावी, म्हणून एक महिना गेला. कोणते विद्यापीठ ते सांगत नाही. वाचकांपैकी प्रत्येकाला ते आपलेच वाटेल. अखेरीस तिने विषय बदलला : एका हयात कवीचे चार संग्रह. चारही विकत मिळतात, पिशवीत मावतात आणि बोरिवली लोकलमध्ये उभ्याने वाचता येतात. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, “विषय जरा मर्यादित नाही का वाटत?” मार्गदर्शक गप्प बसले. ती हसली आणि “हो सर” म्हणाली.

दर्जा इथे घसरला. विद्यार्थिनीची निष्ठा जिथे होती तिथेच होती.

‘पूर्वीचे विद्यार्थी’ हा या वादातला हुकमी पत्ता. तेव्हा पूर्वीचेच पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. रानड्यांच्या अफाट वाचनाच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. पण ते वाचन एल्फिन्स्टन कॉलेजातल्या वेतनावर उभे होते, हे गाळतो. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी हे वेतन सहा महिने बंद केले होते, कारण रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना करून इंग्रजांना झुकते माप दिले नाही. शिक्षा अन्यायाचीच. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते : ग्रँटसाहेबांनी तो निबंध वाचला होता. आज विद्यावृत्ती सहा महिने थांबायला विद्यार्थ्याने काही लिहिलेले असण्याची गरज नाही, आणि लिहिले असले तरी ते थांबवणाऱ्याने वाचलेले नसते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांच्या जिद्दीवर आपण जयंतीला भाषणे करतो. त्या जिद्दीच्या वाटेत आलेला हिशेब पाहावा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याचेही संशोधन पैशाअभावी थांबले, एवढे तरी ‘खरी तळमळ असली की सगळे होते’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि नवल भथेना यांचे साहाय्य झाले, आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. ते जाऊ शकले कारण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली होती. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. एखाद्या मुलाने आज आपल्या संशोधन केंद्रात “पैसे नाहीत, तीन वर्षे नोकरी करून येतो” असे सांगून पाहावे. त्याला नियमांची पुस्तिका दाखवली जाईल.

आता अलीकडचे. २०१८ च्या फेब्रुवारीत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थी संपावर गेले, कारण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मुलांना मिळणारी शुल्कातील सवलत काढून घेतली गेली होती. २०२३ मध्ये ‘बार्टी’च्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधक आझाद मैदानात कित्येक आठवडे बसून होते. वाद एवढाच की पात्र ठरलेल्या सर्वांना द्यायची की दोनशेंनाच. त्याच वर्षी डिसेंबरात, ‘सारथी’च्या जागांवरून विधान परिषदेत प्रश्न निघाला तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले की पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत. निषेध झाला, पत्रके निघाली. पण मराठीच्या अध्यापकांनी आपल्या स्टाफरूममधली संभाषणे जरा आठवावीत. हाच वाक्प्रचार याच अर्थाने, चहाच्या कपावरून, आपल्याच विद्यार्थ्यांविषयी आपण किती वेळा वापरला आहे? सभागृहात तो उघड उच्चारला गेला म्हणून आपण दुखावलो.

विद्यार्थ्याचा पैसा जसा कोणाच्या खिजगणतीत नाही तसा त्याचा वेळही नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरेशा तयारीविना घातला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, बातमी संपली. दुसऱ्या विद्यापीठात एम.ए.ला जाऊ पाहणाऱ्या ज्या मुलांच्या हाती गुणपत्रिका वेळेत पडली नाही, त्यांचे ते वर्ष कोणी भरून दिले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. दरमहा पैसे घेऊन पाच वर्षांत काहीही न करणारे महाभाग आहेतच. २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम ३७,००० रुपये झाली आहे. ती काही तासिका तत्त्वावरच्या मिळकतीसारखी क्षुल्लक नव्हे. पण या महाभागांच्या प्रगती अहवालांवर ‘समाधानकारक’ असे कोण लिहितो? त्यांचा प्रबंध न वाचता अनुकूल अभिप्राय कोण पाठवतो? ही कामे कोणा कारकुनाची नाहीत. आळशी विद्यार्थ्याला पकडण्याची जागा प्रबंधाच्या पानांवर आहे. ती आपण सोडून दिली आणि त्याची भरपाई म्हणून उपस्थितीपत्रकावर कडक झालो. परिणाम असा की न वाचणारा, पण रोज येऊन सही करणारा सुखरूप राहतो. दादरच्या ग्रंथसंग्रहालयात दिवसभर जुने अंक चाळणारी मात्र ‘गैरहजर’ ठरते.

अध्यापकांच्या हाती काहीच नाही, हेही खरे नाही. ग्रंथालयात घालवलेला दिवस हा उपस्थितीचा दिवस धरावा, असा ठराव विभाग करू शकतो. मार्गदर्शक बाहेरगावी असताना सही कोणी करायची हे लिहून ठेवता येते. हप्ता सहा महिन्यांवर लांबला तर विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज करण्याऐवजी विभागाने पत्र पाठवावे, त्याची प्रत अभ्यासमंडळापुढे ठेवावी आणि मंडळाच्या इतिवृत्तात नोंद घ्यावी. यांपैकी एकाही गोष्टीला शासनाची परवानगी लागत नाही.

आणि संशोधन प्रवेशाच्या मुलाखतीत “तुम्ही नोकरी करता का?” असे विचारून आपण उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, तो प्रश्न आता बदलावा. विचारायचे असेल तर असे विचारावे : “हा विषय तुम्हाला खरोखर हवा आहे, की परवडतो म्हणून घेतला?” उत्तर दुसरे आले तर मूळचा विषय कोणता होता तेही विचारावे आणि तो लिहून घ्यावा.