वस्तरा धरायचा तर कुणासाठी?

चळवळीतल्या शिकल्यासवरल्या पोरांना माझा सरळ सवाल आहे. वस्तीतली पोरगी आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीला गेली की तुम्ही नाक का मुरडता? 'बाबासाहेबांनी शिका म्हणलं ते काय भुवया कोरायला?' असं म्हणता. पोरगा केस कापायला शिकला तर 'एक बलुतं सोडलं आन् दुसरं धरलं' म्हणून हसता. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, तुटला धागा सांधतो. हाताच्या कामाला हलकं म्हणायचं कुणी शिकवलं आपल्याला? ज्यांनी कामं वाटून दिली त्यांनीच ना?

साताऱ्यात लहानग्या भीमरावाचे केस न्हावी कापत नव्हता. गावात न्हावी होता, घरात द्यायला पैसे होते. आडवा येत होता विटाळ. मग थोरली बहीण कात्री धरायची. करून करून तिचा हात बसला होता. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे लिहून ठेवलंय. सांगा आता, त्या बहिणीचं काम हलकं होतं?

न्हाव्याशी आपलं भांडण नाही. तोही बलुत्यात जखडलेला माणूस. साताऱ्याच्या त्या गोष्टीआधीच, १८९० साली, मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी जमले. विधवांची डोकी भादरणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तोच वस्तरा. एकीकडं माणसाला नकार देतो, दुसरीकडं जुलमाला. कुठला नकार द्यायचा हे वस्तरा ठरवत नाही, धरणारा ठरवतो.

आता शाळेचं बोलू. कोर्स वर्षाचा. कातडीचे थर शिकवतात. मेलॅनिन शिकवतात, म्हणजे काळागोरा हा एका रंगद्रव्याचा कमीजास्तपणा. गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेड, कारण रक्तातून कावीळ बी आन् एचआयव्ही पसरतो. डाय लावण्याआधी थोडा कातडीला लावून बघायचा, आग होते का ते. हे विज्ञान आहे दोस्तांनो. खरा विटाळ जंतूंचा, आन् तो हत्यारं निर्जंतुक केली की जातो. जातीचा विटाळ कशात बुडवायचा, हे मात्र कुठल्या धड्यात नाही.

शाळा सर्टिफिकेट देते आन् दारात सोडते. माझ्या मावसबहिणीला एका पार्लरात आधी आडनाव विचारलं. मग म्हणाले, तोंडाला हात लावायचं काम नको, केर काढायला ये. तिची शाळा गप्प. आपली चळवळही गप्प, कारण आपल्याला ती पार्लरवाली वाटली, कामगार वाटलीच नाही!

म्हणून नाक मुरडणं बंद करा. शाळेत जाऊन बघा, हत्यारं आलीत का, शिष्यवृत्ती पोरींच्या हातात पडते का. सलूनमधल्या कामगारांची युनियन बांधा, नाभिक पोरांना सोबत घेऊन. गावात अजून कुठं खुर्ची नाकारत असतील तर तक्रार नोंदवा. अस्पृश्यतेपायी सेवा नाकारणं १९५५ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. आन् शिकून आलेल्या पोरीला दुकानासाठी भांडवल उभं करून द्या. त्या दुकानात येईल त्याला खुर्ची मिळेल, पाटलालाही. पण नंबरानं बसायचं, आन् पैसे रोख.

जय भीम.