चांदाची तारीख आणि शिवडीचे रोहित

शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले की आमच्या वर्गातली मुले विचारतात, कधी जायचे? उत्तर घरातल्या इस्लामी कॅलेंडरात आहे. भरती-ओहोटी चांदावर चालते. मुंबईत चांदाच्या चौदा-पंधरा तारखेला दुपारी बाराच्या सुमारास भरती येते, पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. ऐन भरतीत चिखल पाण्याखाली असतो; पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब जातात की गुलाबी ठिपकेच दिसतात. पाणी उतरू लागल्यावर काठाशी चिखल उघडा पडतो, तेव्हा पाहावे. म्हणून चौदा-पंधरा तारखेला रविवार आला तर जोहरची नमाज पढून निघावे. शिवडी स्टेशनच्या पूर्वेला जेट्टी आहे. ऊन पाठीशी, पक्षी समोर. वाटेत ट्रक फार, लहानांचा हात सोडू नये.

मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. गुलाबी रंग शेवाळातून येतो. करडे दिसतात ते आजारी नव्हेत, वयाने लहान आहेत.

पक्षी पाहणे हा साहेबी शौक, असे आपल्याकडे अजून म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. डॉ. सालिम अली गिरगावात, खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. आईबाप लहानपणीच गेलेले. छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खाणे जायज की नाही, अशी शंका आली म्हणून ती हलाल न करता त्यांनी मामा अमीरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. पुढे 1976 साली पद्मविभूषण मिळाले. मामांनी 'टाकून दे' म्हटले असते तर?

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली झाले, 2022 साली ते रामसर यादीत गेले. पण ते वर, ऐरोली-वाशीकडे. लालबाग-परळच्या मुलांना जवळचा शिवडीचा चिखल त्यात येत नाही. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू याच चिखलावरून निघतो. इथे पक्षी किती उरतात, ते मोजणाऱ्यांनाच कळेल. आम्ही मुलांना वहीत चार रकाने आखायला लावतो: इंग्रजी तारीख, चांदाची तारीख, वेळ, संख्या. दहा-दहाचे गट करून मोजले की पाचवीच्या मुलालाही जमते.

दुर्बीण नसली तरी चालते. मेपर्यंत पक्षी असतात. पुढच्या चांदाच्या चौदा तारखेला कोणता वार येतो, तेवढे पाहून ठेवा.