आधी पाण्यानं उठवलं, मग पाहुण्यानं

भोईवाडा, परळ. मार्च २०१९



आमच्या भोईवाड्यात रविवारच्या पेपरातून एक रंगीत कागद आला. वर तळं, मागं डोंगर, मधे लाल-पिवळी घरं. खाली लिहिलेलं, की डोंगरातल्या या तळ्याकाठच्या गावात बारा महिने करण्यासारखं काही ना काही असतं. पावसात धबधबे, थंडीत शेकोटी, उन्हाळ्यात बोट. चाळीतली पोरं लगेच हिशोबाला बसली, गाडी किती, माणशी किती. पोरांची चूक नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला डोंगर बघावासा वाटणारच.

कागदावर एकच गोष्ट नव्हती. हे गाव कोणाचं?

हे गाव म्हणजे लवासा. पुणे जिल्ह्यातलं मोसे खोरं. बाजी पासलकरांचं खोरं. मोसे नदीवर वरसगावचं धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं पाण्यात गेली. सांगितलं, पुण्याला पाणी पाहिजे. काही कुटुंबं लांबच्या पुनर्वसनाला गेली, काही वर डोंगराला चिकटून राहिली. पाण्याला नाव दिलं बाजी पासलकर जलाशय. नाव ठेवलं, माणूस हलवला.

मग डोंगराची पाळी आली. नोव्हेंबर १९९६ मध्ये सरकारनं नवीन गिरिस्थानांसाठी खास नियम काढले. २००१ साली मुळशी-वेल्ह्यातली १८ गावं गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. आराखडा सुमारे २५ हजार एकरांचा. दासवे, मुगाव, धामणओहोळ, ही आपल्या तोंडातली नावं. त्यांच्यावर इटलीतल्या पोर्टोफिनो गावाच्या धर्तीवर शहर बसवायचं ठरलं. २००२ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळानं धरणाची १४१ हेक्टर जमीन कंपनीला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. हे दोनदा वाचा. सार्वजनिक काम म्हणून शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन, आणि तिच्यावर खाजगी बोटीचा धक्का. आधी पाण्यानं उठवलं, मग पाहुण्यानं.

कोणी म्हणेल, तुम्हीच विकली ना? पैसे मोजून घेतले ना?

याचं उत्तर तोंडपाठ करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम ३६ आणि ३६ अ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि विक्री असेल तर सरकारची पूर्वमान्यताही लागते. सीलिंगमध्ये भूमिहीनाला मिळालेली जमीन, कलम २९, तिलाही कलेक्टरची परवानगी. कुळकायद्यात मिळालेली, कलम ४३, तिलाही २०१४ पर्यंत सरसकट लागायची. म्हणजे नुसता अंगठा उमटला की व्यवहार झाला, असं कायदा म्हणत नाही. आणि मोसे खोऱ्यात सीलिंगच्या जमिनींच्या व्यवहारांवर तक्रारी झाल्या, चौकश्या झाल्या, लोकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या.

आणि एक कडू गोष्टही बोलू या. परका माणूस आपली वाट चुकत नाही, कारण वाट दाखवणारा आपल्यातलाच असतो. ज्याला सर्व्हे नंबर माहीत, कोणत्या घरात दारू चालते ते माहीत, कोणाची पोर लग्नाला आली ते माहीत. साक्षीदार म्हणून सही करणारा तोच, कमिशन घेणारा तोच. त्याला वाळीत टाकू नका, वाळीत टाकणं हा गुन्हाच आहे. पण ग्रामसभेत उभा करून विचारा.

दुसरा सवाल येतो: रोजगार मिळाला की नाही? मिळाला. गेटवर उभं राहण्याचा, भांडी घासण्याचा, गवत कापण्याचा. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर गडी झाला, याला रोजगार म्हणायचं असेल तर म्हणा.

आता त्या कंपनीचं काय झालं ते ऐका. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, परवानगीशिवाय डोंगर फोडला म्हणून. वर्षभरानं, ९ नोव्हेंबर २०११ ला, अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी दिली. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या पीठानं दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. आता देणेकऱ्यांच्या रांगा लागल्या आहेत. त्यात बँका आहेत. ठेकेदार आहेत. घरासाठी पैसे भरलेले लोक आहेत, त्यांनाही कायद्यानं रांगेत जागा दिली. ज्याचा डोंगर गेला त्याला त्या रांगेत जागा नाही. कंपनी चालली तरी तळं तिचं, कंपनी बुडाली तरी तळं बँकेचं. आपलं कधी?

भोईवाड्यात बसून हे लिहायला आम्हाला लाजही वाटते. परळच्या गिरण्यांची चाकं फिरली ती लोणावळ्याच्या तलावांच्या विजेवर, १९१५ पासून. मग मुळशीचं धरण आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट पुढे झाले. तरी गावं बुडाली आणि वीज मुंबईला आली. आमच्या नळाचं पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसाचं. आणि शहापूरच्या पाड्यात बाई उन्हाळ्यात टँकरची वाट बघते. इथल्या कामगारानं कधी विचारलं नाही, ही वीज, हे पाणी कोणाच्या घरावरून आलं. मग त्याच्यावरही पाळी आली. १९८२ चा संप मोडला, गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. आता त्याच आवारात जायचं तर दारावर पिशवी तपासून घ्यावी लागते. उशिरा कळलं, पण कळलं. म्हणून गेल्या मार्चमध्ये लाल टोप्यांचा मोर्चा परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून शीवहून रात्रीचा चालत आझाद मैदानाला गेला, तेव्हा शहरातली माणसं पाणी आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर उभी राहिली.

त्या कागदावर पाहुण्याचे बारा महिने होते. आता आपले बारा महिने सांगतो. करण्यासारखं आपल्याकडेही पुष्कळ आहे.

चैत्र-वैशाखात राब भाजतो, हिरडा गोळा करतो, करवंदं काढतो. त्याच दिवसांत तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफाराच्या नकला काढा. "भोगवटादार वर्ग २" लिहिलंय का, इतर हक्कात काय आहे, ते शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. १ मेच्या ग्रामसभेला सगळी वाडी जा, बाया पुढे.

ज्येष्ठात वलगणीचे मासे चढतात. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पाण्यातल्या माशांचा हक्कही सामूहिक हक्क म्हणून लिहिला आहे. दावा फक्त प्लॉटचा करू नका. मासे, मध, कंद, चराई, देवाची जागा, सगळं त्यात घाला.

आषाढ-श्रावणात लावणी, टाकळा, कुर्डू, भारंगी. पावसात कोणी डोंगराला येत नाही, फक्त पाहुणा येतो, आणि त्याच्याबरोबर मोजणीवाला. गावात टेप आणि खुंट्या दिसल्या की त्याच दिवशी वनहक्क समितीला कळवा. १५ ऑगस्टला ठराव लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी वाचून घ्या.

भाद्रपद-आश्विनात नाचणी-वरई राखायची, आणि म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे. जुनी विहीर, मसणवटा, देवाचा दगड, वयस्कर माणसाचं सांगणं, हे सगळे कायद्यात पुरावेच आहेत. साहेब फक्त दंडाची पावती मागतो; तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. २ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा.

दिवाळीनंतर उचल घेऊन अर्धी वाडी वीटभट्टीला आणि कोळशाला जाते. जमिनी जातात त्या याच दिवसांत, घराला कडी असताना. जायच्या आधी कागद कोणाकडे ठेवले ते समितीला सांगून जा. मागं राहिलेल्यांनी २६ जानेवारीची सभा चुकवू नये. शिमग्याला परत आलात की पहिलं काम, फेरफार बघणे.

यंदा हे आणखी निकडीचं आहे. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या वनदाव्यांची माणसं जंगलातून काढायला सांगितलं. देशभर आदिवासी उठला, २८ फेब्रुवारीला त्या हुकमाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नाही, उसनी घेतलेली सवड आहे. ज्याचा दावा फेटाळला त्यानं लेखी कारण मागावं आणि कारण हातात आल्यापासून ६० दिवसांत अपील करावं. आणि दाव्याची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) खिशात ठेवा. गार्डानं झोपडी मोडायला हात लावला तर हाच कागद पुढे करा.

तळं वाईट नाही. डोंगर बघायला येणारा माणूसही वाईट नाही. आमच्या चाळीतली पोरं येतील, त्यांना नाचणीची भाकर आणि चिंबोरीचं कालवण घाला, जागा दाखवा, गोष्ट सांगा. पाहुण्याला ओसरी असते. पण पाहुणा ओसरीवर झोपला म्हणून घराचा सातबारा त्याच्या नावे होत नाही, आणि घरधन्याला स्वतःच्या दारात तिकीट काढावं लागत नाही.

आमच्या पोरांनी जायचं ठरवलंय. आम्ही त्यांना सांगितलं, जा, पण बोटीत बसायच्या आधी वरच्या वाडीत जा आणि विचारा, इथं आधी काय होतं.

पोरं आली तर त्यांना सगळं सांगा. काही झाकू नका.

जमीन कसणाऱ्याची, जंगल राखणाऱ्याचं, तळं काठावरच्याचं!