आमची बक्षिसं आम्हीच वाटतो

सिनेमाची बक्षिसं दरसाल जाहीर होतात. पेपरात शाली, श्रीफळं नि हसरे चेहरे छापून येतात. आपण चहाच्या टपरीवर उभ्यानं ते वाचतो आणि त्याच पेपरात भजी बांधून घरी नेतो. ह्यावेळी म्हटलं, आपणच वाटू. परीक्षक मंडळात मी एकटा. पक्षपात आहे काय? आहेच. त्यांचाही असतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

पहिलं बक्षीस दादासाहेब फाळके. ते मी पी. के. रोझीला देतो.

कोण रोझी, असं विचाराल. तेच तर दुखणं आहे. मलयाळम सिनेमाची पहिली नायिका. पुलया जातीची. गवत कापून पोट भरायची, लोकनाट्यात काम करायची. जे. सी. डॅनियलच्या 'विगतकुमारन' ह्या मूकपटात तिनं नायर घरातली बाई रंगवली. साल 1930 च्या आसपासचं. त्रिवेंद्रमला खेळ लागला, तर वरच्या जातवाल्यांनी पडद्यावर दगड मारले. तिचं घर जाळलं. रोझीला मुलूख सोडावा लागला. पुन्हा ती पडद्यावर दिसली नाही. त्या सिनेमाची रीळसुद्धा आज शिल्लक नाही. डॅनियलच्या नावानं केरळ सरकार सगळ्यात मोठा चित्रपट पुरस्कार देतं. रोझीच्या नावानं?

आता दुसरं पान उलटा. 1936 साली 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य पोर झाली देविकाराणी. टागोरांच्या घराण्याच्या नात्यातली, लंडनात शिकलेली, भुवया कोरलेली. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि 1969 सालचं पहिलंवहिलं फाळके पारितोषिक कुणाला? देविकाराणीला. बाईचा राग नाही. बाई मोठीच होती. पण हिशेब बघा. त्यांच्या पोरीनं आमचं सोंग घेतलं तर त्याला अभिनय म्हणायचं. आमच्या पोरीनं त्यांचं सोंग घेतलं तर तो विटाळ! एकीला पारितोषिक, दुसरीला दगड. रोझी मेली, आता कसं देणार, असं कुणी म्हणू नये. पृथ्वीराज कपूरला मरणोत्तर दिलं, विनोद खन्नाला दिलं. मेलेल्यांतही जात बघता काय?

हा नियम पुढंही चालूच राहिला. 'सुजाता'साठी नूतनला फिल्मफेअर. 'पार'साठी नसीरुद्दीन नि शबानाला राष्ट्रीय पुरस्कार. कामं अस्सल होती, मी नाही म्हणत नाही. माझा सवाल निराळा आहे. आमची भूक रंगवणाऱ्याला सोन्यारुप्याची कमळं मिळतात. ती भूक जगलेला माणूस कॅमेऱ्यासमोर आला, की परीक्षक म्हणतात, छे, ह्यानं अभिनय कुठं केला, हा तर असाच आहे! म्हंजे आम्ही नुसते कच्चा माल. कापूस आमचा, कापड त्यांचं.

म्हणून दुसरं बक्षीस, उत्कृष्ट अभिनेता : वीरा साथीदार, 'कोर्ट'. नागपूरचा कार्यकर्ता, 'विद्रोही'चा संपादक. चैतन्य ताम्हाणेच्या ह्या सिनेमात तो लोकशाहीर नारायण कांबळे झाला. गाण्यामुळं एका मॅनहोल कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. 'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळालं, 2015 साली. अभिनेत्याचं गेलं संचारी विजयला, कन्नड सिनेमासाठी. तो सिनेमा लिव्हिंग स्माईल विद्या ह्या दलित तृतीयपंथी बाईच्या आत्मकथेवरचा. पुन्हा तेच! जगणं तिचं, बक्षीस सोंग घेणाऱ्याला. वीरा 13 एप्रिल 2021 ला कोरोनानं गेला. दुसऱ्या दिवशी भीमजयंती होती. आरोपीच्या पिंजऱ्यात तो ज्या थंडपणानं उभा राहतो ना, ते नाट्यशाळेत शिकवत नाहीत. ते चळवळीत शिकतात.

तिसरं, उत्कृष्ट सहायक अभिनेत्री : उषा बाने, 'कोर्ट'. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची विधवा. साक्षीला उभी राहते. नवरा बिनामुखवट्याचा गटारात कसा उतरायचा, दारू का प्यायचा, त्याचा एक डोळा कसा गेला, हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. रडत नाही. बाईचा खरा नवराही असाच मॅनहोलचा कामगार होता, तोही मेलेला. ह्याला अभिनय नाही म्हणायचं, तर मग अभिनय म्हणजे काय ते परीक्षकांनी एकदा लिहून द्यावं. स्वतःचं मरण दुसऱ्याच्या नावानं, कॅमेऱ्यासमोर, न रडता सांगायचं, हे किती नटांना झेपेल?

चौथं, संगीत : संभाजी भगत, त्याच सिनेमातल्या शाहिरी गाण्यांसाठी. डफावरची थाप कुठल्या चौकटीत बसवायची हे परीक्षकांना कळत नसेल, तर चौकट मोडा, डफ नको.

माझ्याकडं शाल नाही, श्रीफळ नाही. हा शाई पुसट झालेला कागद आहे. तोच मानपत्र समजावा.

एक मात्र सांगून ठेवतो. आम्हाला त्यांच्या भूमिका हिसकावायच्या नाहीत. त्यांनी खुशाल आमची सोंगं घ्यावीत. पण उद्या आमची पोर नायर बाई होऊन, पाटलीण होऊन, राणी होऊन पडद्यावर आली, तर हातातले दगड खाली ठेवायची तयारी आहे काय? तेवढं आधी सांगा. बक्षिसांचं मग बघू.